सुंदरम्माची मूठ

आमदार शकुंतलाताईंचा हुकूम एका ओळीचा: माझ्या माणसांना अडवायचं नाही. पीआय साहेबांचा हुकूमही एका ओळीचाच: बंद मूठ दिसली की मनगट धरायचं. आणि हे दोन्ही हुकूम पाळायचे होते एकट्या माहेनूरनं, म्हणजे ताईंच्या अंगरक्षक बाईनं. आता पाळून दाखवा म्हणावं! हुकूम सोडणारे हुकूम सोडून चहाला जातात, कात्रीत सापडतो तो मधला.

झालं होतं ते असं. राजकारणात येण्याआधी ताई सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी चालवायच्या. यंत्रमागावर जाणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांची शेंबडी पोरं त्यांनी मांडीवर घेऊन वाढवली आणि त्याच बायांनी त्यांना निवडून दिलं. हे जवळ असणं हीच ताईंची पुंजी. कुणाच्याही उंबऱ्यावर फतकल मारायची, पुढ्यात येईल ती कडक भाकरी शेंगाचटणीला लावून खायची, म्हाताऱ्या बायांनी गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली की खळखळून हसायचं. विरोधकांचा जळफळाट व्हायचा तो यावरच.

मग वैरागच्या एका कार्यक्रमात कुणीतरी हार घालायला पुढे आला आणि हाराआडून त्यानं ताईंच्या तोंडावर जळकं काळं ऑईल ओतलं. का ओतलं, त्याची मागणी काय होती, हे पुढं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. ताईंचे डोळे कितीतरी दिवस सुजलेले होते. शेजारी उभा असलेला अंगरक्षक निलंबित झाला आणि त्याच्या जागी माहेनूर आली.

माहेनूरला ही नेमणूक म्हणजे लॉटरीच. कित्येक वर्षं ती सांगोल्याला आणि तिची लेक अर्शी इथं सोलापुरात, सासूपाशी. पोरगी आईला 'पोलीसवाली अम्मी' म्हणायला लागली होती. घरची अम्मी म्हणजे दादी कमरबी. हे माहेनूरला फार लागलं होतं. आता कुठं ती रोज लेकीची वेणी घालत होती.

"ताईंना काही झालं," पीआय साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तर आधी निलंबन, मग परत सांगोला. कळलं?"

कळायचं काय त्यात! पण माहेनूरला आणखी एक गोष्ट कळली, जी कुणी सांगितली नव्हती. ताई भ्याल्या होत्या. हार आला की मान पुढे करायच्याऐवजी त्या तो हातातच घ्यायच्या. गाडी गर्दीत शिरली की पर्स छातीशी धरायच्या. कुणी मागून हाक मारली तर आधी दचकायच्या, मग हसायच्या. हे सगळं अद्वैतला, त्यांच्या पीएला, दिसत नसेल असं कसं म्हणायचं? पण तो चोवीस तास मोबाईलमध्ये. 'ताई जनतेत' म्हणून फोटो टाकले की त्याचं काम झालं.

"ताई, जरा दोरी लावूया का मध्ये?" माहेनूरनं एकदा गाडीत विचारलं.

"दोरी? माझ्या बायका काय गुरं आहेत?" ताई उसळल्या. "एकदा मी लांब गेले ना माहेनूर, की संपले. मला काही होत नाही."

बोलताना त्यांनी काच मात्र वर केली.

त्या सोमवारी पूर्व भागातल्या एका चाळीच्या अंगणात ताईंचा दरबार होता. दरबार कसला, एक खुर्ची आणि भोवती दोनशे बाया. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, पोराला नोकरी लावा. आजूबाजूच्या मागांचा खडखडाट इतका की जो तो ओरडून बोलत होता. माहेनूर ताईंच्या डाव्या खांद्याशी उभी होती आणि फक्त हात बघत होती. तिच्या कामात माणसाचा चेहरा उशिरा येतो, हात आधी.

आणि तिला मूठ दिसली. घट्ट मिटलेली, उजवी. मूठ सुंदरम्माची होती. जन्मभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली म्हातारी. ताईंच्या बालवाडीत तिची तिन्ही पोरं शिकली होती. गर्दी तिला वाट देत होती आणि ती मूठ पदराखाली सांभाळत येत होती.

माहेनूर पुढे झाली. हात मनगटापर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात त्या मुठीतून मिठाचा एक खडा निसटून तिच्या बुटावर पडला, आणि मिटलेल्या बोटांतून लाल मिरचीचं देठ बाहेर आलेलं दिसलं. माहेनूरच्या जिवात जीव आला. मीठ, मोहरी, मिरच्या! अहो, अर्शी जरा किरकिरली की कमरबी याच मुठीनं तिची नजर उतरवते आणि मिरच्या गॅसवर जाळून घरभर ठसका करते. म्हातारी ताईंची दिष्ट काढायला आली होती.

आता हिचं मनगट धरायचं? दोनशे बायांसमोर? माहेनूर बाजूला झाली. बोलली काहीच नाही आणि तिथंच चुकली. "ताई, दिष्ट काढायला आल्यात" एवढं जरी म्हणाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला वाटलं, या बायकांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या ताईंना हे काय सांगायचं?

ताई एका अर्जावर सही करत होत्या. सुंदरम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटत समोर आली आणि तिनं मूठ ताईंच्या तोंडाजवळ नेली. ताईंनी मान वर केली. डोळ्यांपुढं मूठ.

ताई किंचाळल्या. दोन्ही हातांनी त्यांनी म्हातारीला जोरात ढकललं. सुंदरम्मा मागच्या पायरीवर आपटली आणि अंगणभर मीठ, मोहरी, मिरच्या उधळल्या. माग चालूच होते. बाया म्हातारीला उचलायला धावल्या.

पुढचं अद्वैतनं ठरवलं. मोबाईलवर शूटिंग झालं होतं, पण त्यात पाठीच पाठी होत्या. कुणाचे हात ते दिसत नव्हतं. ताई गाडीत तोंड झाकून बसल्या होत्या.

"ताईंनी ढकललं असं गेलं तर सगळं मुसळ केरात," अद्वैत धावत आलेल्या पीआय साहेबांना म्हणाला. "गार्डनं अडवलं, झटापटीत आजी पडल्या. बस्स."

साहेबांनी माहेनूरला बाजूला घेतलं. "तुझ्यावर काही येत नाही बघ. बंद मूठ होती, तू धरलीस. उलट शाबासकी मिळेल."

माहेनूरला सगळं लख्ख समजलं. खोटं बोलली तर सोलापूर. खरं बोलली तर तिनं बंद मूठ जाऊ दिली असं होणार, आणि मग सांगोला. तिनं गाडीकडे बघितलं. ताईंनी वर बघितलंच नाही.

"बरं, सर," माहेनूर म्हणाली. तिला स्वतःचीच शिसारी आली, पण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई सरकारी दवाखान्यात गेल्या. बरोबर अद्वैत, पीआय साहेब, माहेनूर, दोन-तीन कॅमेरे आणि शहाजी नावाचा एक उंचापुरा नवा गार्ड, कालपासून वाढवून दिलेला. सुंदरम्माच्या हाताला प्लास्टर होतं. ताई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या.

"आमच्या पोलीस भगिनीकडून जरा जास्त झालं," ताई कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाल्या. आवाज पढवलेला होता. "तिच्या वतीनं मी माफी मागते, सुंदरम्मा."

म्हातारीनं माहेनूरकडे बघितलं. "हिनं? हिनं काय केलं की? हिनं तर मला वाट दिली. मीठ बघितलं अन बाजूला झाली. लई गुणाची पोर हाय." मग ती ताईंकडे वळली. तिच्या बोलण्यात राग म्हणून नव्हता. "ढकललंस तू. असू दे की. भ्यालेलं माणूस हात उचलतंयच. तू भ्यालीस म्हणून तर आले मी. टीवीत तुजं त्वांड बघितलं अन तवाच म्हनलं, पोरगी भ्यालीया."

अद्वैतनं कॅमेऱ्यावर हात धरला. उशीर झाला होता.

पीआय साहेब माहेनूरकडे वळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला सुटायची वाट करून दिली. "गर्दीत तुला मूठ दिसली नसेल, नाही का?"

एक 'नाही' पुरेसं होतं. माहेनूरला घर दिसलं, लेकीचे केस दिसले, आणि समोर खाटेवरची म्हातारीही, जिनं आत्ताच तिला गुणाची म्हटलं होतं.

"दिसली होती, सर. आत मीठ-मिरच्या होत्या. आमच्यातही नजर काढतात. मला माहीत होतं, म्हणून सोडलं. आणि काल मी खोटं बोलले."

"म्हणजे हुकूम मोडलास."

"एक मोडला, सर. दोन होते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पिस्तूल जमा कर आणि ऑफिसला थांब."

माहेनूरनं सॅल्यूट ठोकला आणि ती दाराकडे निघाली. रडू आवरत नव्हतं, पण पाठ सगळ्यांकडे होती, म्हणून चाललं.

"माहेनूर," मागून ताईंचा आवाज आला. हा आवाज पढवलेला नव्हता. "जाऊ नको गं. मला भीती वाटते. खरंच फार भीती वाटते गं मला."

वॉर्डातल्या साऱ्या खाटांनी ऐकलं. सुंदरम्मा धडपडत उठायला लागली आणि तिनं बिनप्लास्टरचा हात ताईंच्या गालाकडे नेला.

पीआय साहेबांनीही ऐकलं होतं. भीती वाटते म्हटल्यावर त्यांना जे सुचायचं तेच सुचलं. त्यांनी शहाजीला खूण केली. तो खाट आणि स्टूल यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, अगदी शिकवल्याप्रमाणे, पाठ खाटेकडे, नजर कॅमेऱ्यांच्या गर्दीवर, पाय फाकवून.

म्हातारीला आता ताई दिसेनात, समोर नुसती खाकी पाठ. तिनं ती पाठ बोटानं दोन-तीनदा ठोकली.

"बाबा, पोरगी कुटं गेली रं?"