छप्पर पांढरं केलं, आता गल्ली हलवा

सोमवारी नगरपालिकेची माणसं आली आणि ऊन कमी लागावं म्हणून आमचं छप्पर पांढरं रंगवून गेली. गुरुवारी दुसरी माणसं आली. म्हणाली, समुद्र वाढतोय, सगळी गल्ली टेकडीवर हलवायचीय. अहो, मग छप्पर कशाला रंगवलंत? तर म्हणे, ते खातं वेगळं. कपाळावर हात मारायचा, दुसरं काय!

घरटी एक मत, तेही सभेत हात वर करून द्यायचं, असं ठरलं. आमचे हे बोटीवर खलाशी. फोनवर "तू बघ काय ते" म्हणून मोकळे झाले. म्हणजे मत पडलं माझ्या गळ्यात.

माझ्या सासूला दिसत नाही. या घरात मात्र तिचं काही अडत नाही. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जाते, स्वतःचा चहा स्वतः करते, वर माझा चहा पांचट असतो हेही ऐकवते. टेकडीवरच्या नव्या घरात ती नुसती खुर्चीत बसून राहणार. बरं, इथेच राहावं, तर गेल्या भरतीला पाणी तिच्या पलंगाखाली आलं होतं. विचार करकरून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. तिला विचारलं तर म्हणाली, "तुझं तू ठरव, मला काय कळतंय." सगळं कळतं तिला!

सभेला मात्र हट्टाने बरोबर आली.

"जायला कोण कोण तयार आहे?" नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं. भराभर हात वर गेले. माझा काही उचलेना.

"आपला वर आहे ना गं?" सासूने कानात विचारलं.

"हो," मी म्हटलं. मनात धड हो नाही, धड नाही नाही, तोंडाला येईल ते बोलले झालं.

तिने चाचपडत माझा खांदा धरला आणि दंडावरून खाली येत मांडीवरच्या मुठीपर्यंत पोचली.

"खोटारडी," ती म्हणाली आणि माझा हात धरून वर केला.

मला रडूच फुटलं. "आई, तिथे तुम्हाला काही सापडायचं नाही हो!"

"नाही सापडलं तर तुला हाक मारीन."

साहेबांनी मोजलं. हात खाली घ्या म्हणाले. सगळ्यांनी घेतले, तिने माझा सोडला नाही.

"आई, मोजून झालं."

"कळलं गं," ती म्हणाली. "पण मला भीती वाटतेय."