चार नंबरचा बोया

टॅरंट कोव्हच्या खाडीत बोटी बांधायला बारा बोये होते. आठ बोये त्या-त्या दिवशी सकाळी सातला ऑनलाइन खुले व्हायचे, उरलेले चार जो आधी येईल त्याचे. त्या चारांवर जुलै लागल्यापासून चार बोटी ठाण मांडून होत्या. मंगळवारी सकाळी नऊ वाजता धक्क्यावर सव्वीस माणसं जमली होती. भेट म्हणून आणलेल्या ब्लूबेरी पाईच्या दोन थाळ्या होत्या, जिवंत लॉब्स्टरची एक बादली होती आणि मधोमध, ज्याच्यासाठी हे सगळं होतं तो कॅप्टन ऑरिन थॅक्स्टर उभा होता.

आठही बोये रोज मिनिटभरात संपायचे. मग नऊच्या सुमारास कॅप्टन खाडीच्या नकाशावर, दोरीला बांधलेलं खोली मोजायचं शिसं झुलवायचा. एका हातात दोरी, दुसरा रेनकोटच्या खिशात. डोळे मिटून पुटपुटायचा की दर्या आपल्या लेकरांना ओळखतो, फक्त त्याला धीराने विचारायला हवं. शिसं एखाद्या आकड्यावर थांबायचं आणि तोच बोया सगळ्यांच्या फोनवर रिकामा दिसायचा. शुक्रवार अशुभ मानून त्या दिवशी बोट बाहेर न काढणाऱ्या त्या मंडळींना याहून मोठा पुरावा नको होता.

लॉर्ना पेटेन्गिलला मात्र हवा होता. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली ही बाई गेल्या वर्षी नवरा वेन्डेल वारल्यापासून बोटीवर एकटीच राहत होती. मनगट अधू, नांगर एकटीला उचलवत नव्हता. बोया मिळाला नाही तर बोट विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक गिऱ्हाईक पाहूनही गेलं होतं. कॅप्टननं पहिल्याच दिवशी तिच्या कानात सांगितलं होतं, "वेन्डेल तुझ्यासाठी चार नंबर धरून बसलाय." ती केबिनमध्ये जाऊन खूप रडली होती. मग सवयीनं तिनं बोया रिकामा झाल्याची वेळ टिपून ठेवली.

अकरा दिवसांच्या टिपणांत तिला दिसलं की सात वाजता बुकिंग करणाऱ्यांत सहा बोटी रोज त्याच असतात, आणि त्या सहांपैकी एकही खाडीत कधी आलेली नाही. आणखी एक नियम तिनं वाचला: दहाच्या आत बुकिंग रद्द केलं तर पैसे लागत नाहीत.

"कॅप्टन, आज दोरी दोन्ही हातांनी धरा," ती म्हणाली.

"का गं, माझा हात दर्याला आवडत नाही?"

लोक हसले. लॉब्स्टरवाला डेल्मर, तिचा जुना विद्यार्थी, म्हणाला, "धरा की कॅप्टन. बाईंच्या वर्गात आम्हीसुद्धा दोन्ही हात बाकावर ठेवायचो."

कॅप्टननं दोन्ही हातांनी धरली. शिसं तीनवर थांबलं, सातवर थांबलं, चारवर थांबलं. फोन गप्प. साडेनऊ झाले. तो म्हणाला, हवेत अविश्वास भरलाय. कोणी हललं नाही. पावणेदहाला तो सारखा घड्याळ बघू लागला. नऊ बावन्नला त्याचा डावा हात खिशात गेला आणि एका मिनिटात सहा बोये एकदम रिकामे झाले.

लॉर्नानं हात पुढे केला. त्यानं खिशातला फोन दिला. पडद्यावर त्याच सहा बोटींची नावं होती, प्रत्येकीपुढे 'रद्द'.

डेल्मरनं आपली बादली उचलली. "असं का केलंत?" त्यानं विचारलं.

"आधी बोये मी वाटायचो, लोक मागायला वल्ही मारत माझ्या बोटीपर्यंत यायचे," कॅप्टन म्हणाला. "फोनवर बुकिंग आल्यापासून कोणी साधं नावही विचारत नव्हतं."

वेन्डेल गेल्यापासून लॉर्नाचंही तेच होतं. फोन परत देऊन ती लोकांकडे वळली. "दर्या कोणाला ओळखत नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. मलाही ते खरं असायला हवं होतं, म्हणून तर मी अकरा दिवस गप्प बसले. तुम्ही बसू नका. कोणी चमत्कार दाखवला की त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा, लिहून ठेवा, मग ठरवा."

लोक एकेक करून पांगले. पाईच्या थाळ्याही परत गेल्या.

बुधवारी सातला तिनं अंथरुणातूनच चार नंबरचा बोया घेतला. कोणाशी बोलावं लागलं नाही. नऊ वाजता आठांपैकी पाच बोये रिकामे होते.