चहा होईपर्यंत

योगेंद्रने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू काढून खिशात टाकला आणि पत्र्याचं झाकण उचलून टेबलाखाली ठेवलं. आत इतकी धूळ होती की त्याने फुंकर मारताच ज्योत्स्नाला दारापर्यंत मागे सरावं लागलं.

"परवा कर न दादा," ती म्हणाली. "उद्या लोक येऊन राह्यले."

"म्हणून त आज करून राह्यलो. समुद्रपूरचे लोक तुले पाहाले येतीन अन् या डबड्यासमोर अर्धा घंटा बसतीन काय?"

लोकांनी त्या डबड्यासमोर अर्धा तास बसावं, हेच ज्योत्स्नाला हवं होतं. पण तेहेतिशी गाठलेल्या मुलीने स्वतःच्या लग्नाबद्दल असं काही बोलायचं नसतं. ती ओला फडका घेऊन आली आणि कॅबिनेट पुसू लागली.

आर्वीच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान. अर्ध्या भागात योगेंद्रचा एसटीडी बूथ, उरलेल्या अर्ध्यात कॉम्प्युटरवरच्या पत्रिका. हे मशीन वडिलांनी नागपूरहून सेकंडहँड आणलं तेव्हाच ते जुनं होतं. वडील गेल्यापासून ज्योत्स्ना त्यावर बसायची. हार्ड डिस्क आता पार थकली होती. एकच गोष्ट दोन-दोनदा वाचायची, करकरायची, मध्येच थांबायची, पुन्हा करकरायची.

गुण जुळवायला दोन्हीकडची माणसं एकत्रच येत. जन्मवेळ समोरासमोर सांगितली म्हणजे मागाहून कुणी कुणाला खोटं पाडायला नको. दोन बाकं समोरासमोर. डिस्क करकरायला लागली की आधी सगळे देवळात बसल्यासारखे गप्प बसत. मग चहा येई. मग कुणीतरी विचारी, तुमचं मूळ गाव कोणतं? त्यातून कुणाचा तरी साडभाऊ निघे, कुणाची तरी वर्गमैत्रीण निघे. कागद बाहेर येईपर्यंत अर्धं लग्न ठरलेलं असे, आणि मग चौदा गुणांनाही माणसं "चालते बापा" म्हणून हसत उठत. वर कॉम्प्युटरनेच जुळवलं म्हणून गावभर सांगत. खरं काय ते फक्त ज्योत्स्नाने पाहिलं होतं. योगेंद्रचं सगळं लक्ष त्या वेळी बूथमधल्या मीटरकडे असायचं.

दुपारपर्यंत नवी डिस्क बसली. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवून त्याने मशीन चालू केलं.

"टाक कोणाचंबी नाव."

ज्योत्स्नाने मागच्या आठवड्यातली एक जोडी टाकली. बटण दाबलं, आणि गुण समोर हजर. मागच्या घरातून आचलवहिनीने विचारलं, "झालं बी?" योगेंद्र असा हसला, जणू त्यानेच ग्रह फिरवले होते. आणि खोटं कशाला बोला, ज्योत्स्नालाही क्षणभर बरं वाटलं. त्या करकरीसमोर तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरहून तिघं आले. तानबाजी, त्यांची बहीण गंगाबाई आणि मुलगा लखन. तो जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. पस्तिशी ओलांडलेला, कानांजवळ थोडे पिकलेले केस, बसताना आत्याला आधी जागा करून देणारा. ज्योत्स्नाला तो आवडला. इतक्या वर्षांत बघायला आलेल्यांपैकी हा पहिलाच, ज्याने तिच्याकडे बघण्याआधी दुकानाकडे पाहिलं होतं.

"हे सारं तुम्हीच चालवता?" त्याने विचारलं.

ती बोलणार तेवढ्यात तानबाजी म्हणाले, "घरचीच मशीन हाय त पाहून घेऊ इथंच. आमचा भटजी चार दिवस लावते."

"चार दिवस काऊन?" योगेंद्र म्हणाला. "तुम्ही फक्त वेळ सांगा."

लखनने वेळ सांगितली. ज्योत्स्नाने ती टाकली, तिच्याखाली स्वतःची टाकली. तिचं बोट बटणावर थांबलं. रोज दुपारी जाणारी लाइट आत्ता जावी असं तिला फार वाटलं. आत वहिनीने नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं.

"दाब न," योगेंद्र म्हणाला.

तिने दाबलं. कुणी पाठ टेकून बसण्याच्या आत आकडा आला. साडेपंधरा.

"अठरा पाहिजे असते न?" गंगाबाईंनी विचारलं.

माणसं एकमेकांना अजून अनोळखी होती, आणि अनोळखी माणसाला "चालते बापा" म्हणता येत नाही. प्रिंटरने कागद काढला. तानबाजींनी तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला.

चहा आला तेव्हा तिघंही उभे होते. गंगाबाईंनी उभ्यानेच बशीत ओतून घेतला. लखनने कप हातात धरला आणि ज्योत्स्नाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंच होतं. ते आता देऊन उपयोग नव्हता.

पायरी उतरताना, नुसतं जायचं कसं म्हणून तानबाजींनी विचारलं, "तुमचं आजोळ कुठलं?"

"घाडग्याचं कारंजा," योगेंद्र म्हणाला. "मामाचा हायवेवर धाबा हाय."

तानबाजी थांबले. "प्रभाकररावचा? बापा! माह्या ट्रकचा पाटा तुटलता तई दोन दिवस घरी ठेवलं होतं मले त्यानं. एक पैसा घेतला नाई. तुम्ही त्याचे भाचे?"

ज्योत्स्ना उंबऱ्यापर्यंत आली.

तानबाजींनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला आणि तिथेच राहिला. "हे आधी निघालं असतं त..." ते म्हणाले.

"आता गुण पाह्यल्यावर कसं करता भाऊ?" गंगाबाई हळूच म्हणाल्या. "उद्या काई झालं त साऱ्याईले हेच आठवन. चला, गाडी लागली."

लखन सगळ्यात मागून गेला. वळणावर त्याने एकदा मान वळवली ती तिच्याकडे बघायला की बस बघायला, ते ज्योत्स्नाला कळलं नाही.

आचलवहिनीने कप गोळा केले. "बरं झालं, आधीच समजलं," ती म्हणाली. तिचा आवाज सुटका झाल्यासारखा हलका झाला होता. ते तिच्या स्वतःच्याच ध्यानात आल्यासारखी ती घाईने आत गेली.

योगेंद्र पाहुण्यांना स्टँडपर्यंत सोडून आला. थोडा वेळ तो बाकावर मान खाली घालून बसला. त्याला वाईट वाटलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. मग त्याने कॅबिनेटवर हात ठेवला.

"पण पाह्यलं काय तू? पापणी लवत नाई त झालं. या लग्नसराईत किती लोकं घेता येतीन!"

"अन् मशीनवर बसन कोण?" ज्योत्स्नाने विचारलं.

"टायपिंगच्या क्लासमधल्या एका पोरीले सांगून ठेवलं होतं म्या, तू सासरी गेल्यावर याले. तिले नाई म्हणून देतो." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू आहेच न."

हे त्याने इतक्या मायेने म्हटलं, की तिला त्याचा धड रागही करता येईना.