सुम्ने

कमलाक्षीनं आवाजबंद पेटीच्या काचेवर कापड ओढलं आणि हेडफोन कानांवर चढवले. आतला झेब्रा फिंच पक्षी नुकताच वयात आला होता. त्याला आईनं वाढवलं होतं; पण या जातीत माद्या गात नाहीत, आणि गाणारा नर त्यानं कधी ऐकलाच नव्हता. बराच वेळ काही नाही. मग एक लांब, घासल्यासारखी किंकाळी. थांबून पुन्हा तीच.

"कसं वाटतंय?" प्रोफेसर तिरुमलराव मागे येऊन उभे राहिले होते.

"भेसळ नाही, सर. पलीकडच्या पेटीतलं पिल्लू दोन नरांचं गाणं एकात एक कालवतं. याचं कोणी बिघडवलं नाही."

"बिघडवायला तरी कोण होतं, अम्मा?" सर हसले. "ती खिचडी असेल, पण गाणं आहे. मादी जवळ येऊन बसते. याच्याकडे कोण ढुंकून बघणार? आणि आता मेंदूत ते पक्कं झालं. उद्या दहा नर आणून बसवले तरी पालथ्या घड्यावर पाणी."

कमलाक्षी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. बोटाचं टोक पांढरं पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिच्या मुलाला, गुंडूला, दोन वर्षं होऊन गेली होती आणि तो बोलत नव्हता. कान तपासून झाले, ते चांगले होते. मग दोन नरांच्या गाण्याचा गोंधळ तिनं प्रयोगशाळेत ऐकला, आणि दोन भाषांमुळे गुंडूचंही तसंच होतंय असं ठरवून घरी नियम केला. घरात एकच भाषा, शुद्ध मराठी. अडचण होती ती सासूबाईंची. अंबुबाईंच्या चार पिढ्या म्हैसुरात गेलेल्या. त्यांच्या एका वाक्यात मराठी आणि कन्नड एकाच ताटात जेवायच्या.

"बा रे बंगारा, ऊट करूया. गुब्बी आली बघ खिडकीत!"

"चिमणी म्हणा, अत्ते. जेवण म्हणा. त्याचा गोंधळ होतो."

"तुझा नवरा ह्याच बोलण्यावर इंजिनिअर झाला गं. तुझ्या पाखरांना विचारून ये, शिंक कुठल्या भाषेत देऊ ते."

कमलाक्षी हसली नव्हती. एका सकाळी गुंडूनं ओठ हलवल्यासारखं केलं. ती श्वास रोखून बघत असताना अंबुबाई मागून म्हणाल्या, "हं, हेळू बंगारा, बोल की, हेळू!" आणि कमलाक्षी रागाच्या भरात त्यांच्याच कन्नडमध्ये ओरडली, "सुम्ने बसा हो, अत्ते! सुम्ने!"

अंबुबाई गप्प बसल्या त्या बसल्याच. गुंडूला भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, खांद्यावर थोपटायच्या. पण बोटांच्या खुणांनी. सुरुवातीला कमलाक्षीला बरं वाटलं होतं. तीही मोजकंच बोलायची, एकेक शब्द निवडून, धुऊन पुसून.

सरांचं वाक्य कानात घेऊन ती त्या दिवशी प्रयोगशाळेतून लवकर निघाली. कुक्करहळ्ळी तळ्याकाठी बगळ्यांचा कलकलाट चालला होता; रोज ती जरा थांबायची, आज थांबली नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंबुबाई शेंगा सोलत होत्या. गुंडू खिडकीखाली पाठमोरा उभा होता. गजावर एक चिमणी येऊन बसली आणि जीव खाऊन चिवचिवू लागली.

गुंडूनं मान वर केली. ओठांवर बोट ठेवलं. कपाळाला आठी घातली, अगदी कमलाक्षी घालते तशी.

"सुम्ने!" तो म्हणाला.

स्पष्ट, धारदार. सूर तिचाच.

चिमणी उडाली. अंबुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. चेहरा फुलू लागला, तेवढ्यात दारातली सून दिसली आणि त्यांनी पदर तोंडावर दाबला.

कमलाक्षी चपला न काढताच आत आली आणि गुंडूजवळ खाली बसली. त्याचं बोट अजून ओठांवरच होतं. तिनं ते हळूच बाजूला केलं.

चिमणी परत गजावर आली.

"अत्ते," ती म्हणाली. "काय आलं ते सांगा ना त्याला."

अंबुबाईंनी पदर खाली घेतला. तिच्याकडे बघत, धडा म्हणून दाखवावा तशा जपून म्हणाल्या, "चिमणी."

"नाही हो." कमलाक्षीनं मान हलवली. "गुब्बी. गुब्बी आली बघ म्हणा."

आणि कान देऊन ती वाट बघत राहिली.