इथे कोण राहतं

चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. गुंडाळी हातात धरून ती नखाने चाचपत होती, कुठेतरी बारीकशी कड लागेल म्हणून, पण पट्टी सगळीकडून सारखीच गुळगुळीत... जशी काही तिला सुरुवातच नव्हती. काल आपण टोक दुमडून ठेवलं होतं. नक्की ठेवलं होतं, नेहमीच ठेवते. मग ते उलगडून परत चिकटवलं कोणी? घरात माणसं दोन. त्यातलं एक इथे अर्धवट भरलेल्या खोक्यासमोर मांडी घालून बसलेलं, आणि दुसरं न्हाणीघरात. शीळ घालत.

ती शीळही तिला आज खटकली. महिना संपला की ज्याच्या डोक्यावरचं छप्पर जाणार आहे, आणि पुढचं छप्पर होतंय की नाही याचा पत्ता नाही, त्या माणसाला शीळ सुचते कशी? का याला काही माहीत आहे, जे मला माहीत नाही?

घर ठरलं तेव्हा सगळं किती सरळ वाटलं होतं! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी, जिच्यात तिचं शिवणयंत्र बरोबर मावत होतं. घर एका म्हाताऱ्या दंतवैद्याचं. मुलाकडे कायमचं राहायला जायचं म्हणून ते विकायला काढलेलं. इसार दिला, बँकेत कर्जासाठी अर्ज गेला, आणि एजंट म्हणाला, "वहिनी, उशीर नको असेल ना, तर भाड्याच्या घराची नोटीस आजच देऊन टाका. दोन्हीकडचं एकदम जमतं. इकडचं काय, होऊन जाईल." या एजंटाला त्या दोघांनी नावच ठेवलं होतं, होऊनजाईल. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच. पाणी किती वेळ येतं? होऊन जाईल.

नोटीस दिली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकिणीने आठवड्याच्या आत नवे भाडेकरू शोधले. एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. ते येऊन खिडकीचं माप घेऊन गेलं, पडद्यांसाठी. माझ्या खिडकीचं, माझ्यासमोर. मुलीने टेप धरली, मुलाने आकडा वाचला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. हसायला काय झालं? तिने त्यांना पाणी दिलं आणि ते गेल्यावर खिडकी लावून घेतली.

आणि बँकेची मंजुरी मात्र येत नव्हती. दंतवैद्याने निरोप धाडला होता की महिनाअखेरीपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. खरंच उभं होतं का? का होऊनजाईलनेच उभं केलं होतं, जास्त दलाली देणारं? नाहीतर दोघांचं मिळूनच काही शिजत असेल... इसार घ्यायचा, उशीर करायचा, आणि मग हात वर करायचे, "आम्ही तरी काय करणार, तुमचंच वेळेत झालं नाही."

नवरा डोकं पुसत बाहेर आला.

"आज तरी बँकेत जाऊन या."

"परवा गेलो होतो की."

"काय म्हणाले?"

"फाईल पुढे गेलीय म्हणाले."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे म्हणजे... पुढे. अगं, फाईल आहे ती. सरकत असेल आपली हळूहळू."

"तुम्ही विचारलंच नसेल. पाहिलं असेल, हसला असाल आणि परत आला असाल."

"हसलो हे खरं," तो म्हणाला. "पण विचारलंसुद्धा."

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. तीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. दुकानाच्या मालकाने कधी फसवलं नाही, गिऱ्हाइकांनी कधी छळलं नाही, निदान तो तरी तसं सांगे. जगात सगळी माणसं चांगली, फक्त थोडी घाईत असतात, असं त्याचं मत. घर घ्यायचं ठरलं त्या संध्याकाळी मात्र तो म्हणाला होता, "इथे तसं काय वाईट आहे आपलं?" ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं. याला घर नकोच असेल तर? बँकेत जातो म्हणून सांगायचं आणि बागेत जाऊन बसायचं... छे. तो असं करणार नाही. पण करणार नाही असं वाटतं, तेच लोक करतात ना?

तो गेल्यावर तिने खोक्यात वर्तमानपत्रं अंथरली, वाट्या कागदात गुंडाळल्या. हात सवयीने चालत होते. किती वेळा केलं हे! पहिली खोली आठवली, बेकरीच्या मागची, जिच्या भिंती पहाटेपासून उबदार असायच्या. ती जागा एका कारखान्याने कामगाराला राहायला दिलेली, आणि त्या कामगाराने गुपचूप यांना भाड्याने दिलेली. कारखान्याचे लोक अधूनमधून बघायला येत. त्या कामगाराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कोणी विचारलं तर एकच सांगायचं, आम्ही पाहुणे. या नावाचं इथे कोणी राहत नाही." तिने ते पाठ केलं, आणि लेक बोलायला लागली तशी तिच्याकडूनही करून घेतलं. इतकं पक्कं, की शाळेत बाईंनी विचारलं, बाळ, तू कुठे राहतेस, तर पोर उभी राहून म्हणाली, आम्ही पाहुणे आहोत. नवरा डोळ्यांत पाणी येईतो हसला होता. ती हसली नव्हती. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं... पोर तयार झाली म्हणून.

ती उबदार भिंत मात्र अजून आठवते. थंडीत लेकीला तिच्याशी टेकवून बसवायची ती, आणि पावाचा वास त्या पोरीच्या केसांना लागायचा. लोक म्हणतात, भाड्याच्या घराची माया लागत नाही. ज्यांना लागली नाही तेच म्हणत असतील.

दुसऱ्या घराची मालकीण यांच्या माघारी घरात शिरायची. कोणाला खरं वाटलं नसतं, म्हणून तिने शिवणाचा एक धागा डब्याच्या झाकणावर आडवा ठेवायला सुरुवात केली. रोज बाहेरून आल्यावर बघायची, तर धागा जमिनीवर. नवरा म्हणाला, "वाऱ्याने पडला असेल." खिडक्या बंद होत्या सगळ्या. त्या दिवसापासून ती नवऱ्यापेक्षा धाग्यावर जास्त विश्वास ठेवू लागली, आणि खरं सांगायचं तर धाग्याने तिला कधी दगा दिला नाही.

तिने होऊनजाईलला फोन लावला.

"वहिनी, मी आत्ता तुमचंच नाव घेत होतो!"

"कोणापाशी?"

"म्हणजे... मनात. हे बघा, माझ्याकडून सगळं झालंय. डॉक्टरही तयार आहेत. अडलंय ते तुमच्या बाजूला."

"आमच्या बाजूला काय अडणार? मागितलेला प्रत्येक कागद दिलाय."

"बँकेत विचारून बघा एकदा. काळजी करू नका, होऊन..."

तिने फोन ठेवला. तुमच्या बाजूला! म्हणजे ठरल्याप्रमाणे हात वर करायला सुरुवात झाली तर.

चपला घालून ती निघाली. जिन्यात घरमालकीण भेटली, भाजीची पिशवी कठड्याला टेकवून दम खात उभी होती.

"अगं, बरं झालं भेटलीस. त्या जोडप्याशी बोलले मी. म्हटलं, आठवडाभर उशिरा या, यांचं जरा अडलंय. तयार झाली पोरं."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, मावशी?"

"त्रास कसला? सामान रस्त्यावर मांडून बसणार आहेस का? बसशीलही, तुझा काय नेम!" आणि मावशी स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली.

ती पण हसली, तोंडापुरती. रस्त्याने जाताना मात्र मन पुन्हा भुंग्यासारखं तेच पोखरत राहिलं. हिला काय पडलंय? आठवड्याच्या बदल्यात काय मागणार ही? भिंतीचा रंग, नळ, फुटलेली फरशी... ती फरशी आधीपासूनच फुटलेली होती. गोड बोलणाऱ्या माणसापाशी पाणी कुठेतरी मुरतच असतं, हे ती नवऱ्याला किती वर्षं सांगत आलीय.

बँकेत काचेपलीकडे लेकीच्या वयाची मुलगी बसली होती. तिने नाव विचारलं, पडद्यावर काहीतरी शोधलं, भुवया एकत्र आणल्या.

"काकू, तुमची फाईल थांबवलीय आम्ही."

"का पण?"

"पत्त्याची तपासणी झाली नाही ना. आमचा माणूस येऊन गेला तुमच्याकडे. अर्जात दिलेल्या पत्त्यावर तुम्ही खरंच राहता का, एवढंच बघायचं असतं." मुलगी पडद्यावरचं वाचू लागली. "दार एका बाईंनी उघडलं. म्हणाल्या, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तुम्ही कोण विचारलं तर म्हणाल्या, मी पाहुणी आहे."

काचेवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे होते. ती त्या ठशांकडे बघत राहिली.

दुपारची वेळ, हातात हेल्मेट धरलेला एक माणूस, छातीवर लटकणारं ओळखपत्र उलटं झालेलं. "इथे हेच राहतात का? किती वर्षं? स्वतःचं घर आहे का भाड्याचं?" तिच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात कोणाचं तरी उसवलेलं अस्तर. तिने विचारसुद्धा केला नव्हता. वाक्य आतून आपोआप बाहेर आलं होतं, ठेच लागल्यावर आई गं म्हणावं तसं. आणि दार लावून घेताना तिला चक्क बरं वाटलं होतं... अजून विसरले नाही मी. त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगायचंही राहून गेलं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

"घरमालकीण असेल," मुलगी म्हणाली. "असं करतात बरं का काहीजणी. भाडेकरू दाखवायचे नसतात त्यांना. खूप पाहतो आम्ही. तुमच्या घरमालकीण बाई वयस्कर आहेत का?"

"आहेत," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. मावशी वयस्करच होती.

"तेच ते. उद्या दुपारी परत पाठवते माणूस. काकांचा नंबर आहे माझ्याकडे, त्यांनाही सांगते, म्हणजे कोणीतरी घरातलं थांबेल. उद्या झालं की दोन दिवसांत मंजुरी. उगाच उशीर झाला बघा तुमचा."

परत येताना ती नेहमीच्या गल्लीने आली नाही, लांबून आली. रस्त्यात प्रत्येक दार तिला बंद दिसत होतं, आणि प्रत्येक दाराआड कोणीतरी उभं आहे असं वाटत होतं. इतके दिवस ती एकेकाला उलटसुलट करून बघत होती. होऊनजाईल, दंतवैद्य, मावशी, ते हसणारं जोडपं. आणि नवरा, हो, नवरासुद्धा, बागेत बसलेला. सगळ्यांच्या डब्यांवर धागे ठेवून झाले होते. स्वतःच्या डब्यावर धागा कोण ठेवतं?... आणि तरी मनाचा एक कोपरा कुरकुरत होताच, की त्या माणसाने ओळखपत्र सरळ का घातलं नव्हतं? बँकेतून आलो असं आधी का सांगितलं नाही? का, सांगितलं होतं?

घराचं दार सताड उघडं होतं. नवरा या वेळी घरी? तो उंबऱ्यात उभा राहून चप्पल शोधत होता. चेहरा लाल झालेला. तीस वर्षांत तिने तो असा पाहिला नव्हता.

"बँकेतून फोन आला होता मला दुकानात," तो म्हणाला. "ऐकलंस ना सगळं? मावशी! रोज मावशी मावशी करायचं, तिच्या दिवाणाखालची जागासुद्धा पुसून द्यायची, आणि ती बाई सांगते इथे कोणी राहत नाही! आणि मग सकाळी जिन्यात मला आठवडाभर राहा म्हणून वर उपकार! तू म्हणत होतीस ना, गोड बोलणाऱ्यापाशी पाणी मुरतं म्हणून. मीच मूर्ख. आता बघतोच तिच्याकडे."

तू म्हणत होतीस. हे तीन शब्द ऐकण्यासाठी ती किती घरांतून, किती जिन्यांवरून वाट बघत आली होती! धागा वाऱ्याने पडला, असं म्हणणारा माणूस आज तिच्याच शब्दांत बोलत होता, तिच्याच आवाजात जणू. क्षणभर ते गोड वाटलं, अगदी जिभेवर वाटावं तसं. जाऊ दे त्याला वर, असंही मनात येऊन गेलं. मावशी म्हणेल मी नाही, हा म्हणेल तूच. दोघं भांडतील. मावशी सांगेल, पहिल्या तारखेला बाहेर व्हा. मग उद्या मंजुरी मार्गी लागली तरी किल्ली हातात पडेपर्यंत ही खोकी घेऊन जायचं कुठे?... पण ते सगळं नंतरचं. आत्ता तिला एवढंच दिसत होतं की तो चप्पल उलटी घालतोय, डावी उजव्या पायात, आणि त्याला ते कळत नाहीये. रागवायची सवयच नव्हती त्याला.

"थांबा," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"मावशी नव्हती ती."

"मग कोण? दुपारी आपल्या घरात दुसरी कोणती बाई..."

तो थांबला.

दुकानात भिंग घासून झालं की तो ते उजेडासमोर धरून बघत असे. एकदा इकडून, एकदा तिकडून, कुठे बारीकसा चरा तर राहिला नाही ना म्हणून. तसंच बघत होता आत्ता. रागाने नाही. नुसतं नीट, सावकाश. ती आयुष्यभर माणसांकडे असंच बघत आली होती, पण समोरून ते कसं लागतं, हे तिला कधी माहीत नव्हतं. अंगावरचं सगळं कोणी हळूच बाजूला सारावं तसं.

तिने तोंड उघडलं. जिभेवर आलं तेही तयारच होतं, बेमालूम... तो माणूस दारच चुकला असेल, शेजारच्यांचं वाजवलं असेल. ते तिने गिळलं. वर मावशीच्या घरात काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि थांबला.

तो बघतच होता. तिने मान खाली घातली नाही. बघू दे, तिला वाटलं. चरा कुठे आहे तो त्याचा त्याला सापडू दे.