यमुनाताईचे पहिले यजमान

गल्लीच्या तोंडाशी गाडीचं दार आपटलं आणि शालिकरामने हातातलं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

"आले वाटते नागपूरवाले," म्हणत त्याने दुपट्ट्याने कपाळ पुसलं आणि मागच्या दाराने निघून गेला. ढग भरून आले की माणूस वाळवण उचलतो, तितक्या सवयीने.

नव्या व्हिडिओसाठी स्टँडवर मोबाइल लावणाऱ्या अपर्णाचा हात थांबला. "यमुनाताई, भाऊ काहून गेले मागं?"

यमुना तिखट चाळत होती. तिने मान वर केली नाही. "गिऱ्हाईक आलं का जातेत. रोजचंच आहे ते. तुमाले मालूम नाई?"

अपर्णाला खरंच माहीत नव्हतं. ती राहायची पांढुर्ण्याला. इथे सौंसरला क्वचित यायची, बाकी सगळं काम फोनवर. टायपिंगचा क्लास बंद पडल्यावर तिने छोट्या दुकानदारांची फेसबुक-इन्स्टाची पेजं सांभाळायला घेतली होती. एक साडीवाला, एक चष्मेवाला, एक ज्यूस सेंटर आणि एक सलूनवाला, ज्याला व्हिडिओत स्वतःचंच टक्कल नको असायचं. त्यांचे फोटो काढायचे, त्यांच्या नावाने गोड गोड लिहायचं, त्यांच्या नावानेच कमेंटला उत्तरं द्यायची. तिचा नवरा याला 'बेगानी शादी में' म्हणायचा. पण 'यमुनाताईचा मसाला' हे पेज तिचं लाडकं होतं. इथे माल अस्सल होता, आणि चालला तोही तिच्यामुळेच.

मसाला खरा शालिकरामचा, यमुनेच्या नवऱ्याचा. पंचक्रोशीतल्या लग्नांत त्याने जन्मभर आचारी म्हणून भट्टी सांभाळली. गुडघे गेले तेव्हा घरी बसून मसाला कुटायला लागला. पण कॅमेरा समोर आला की तो पोलीस चौकीत बोलावल्यासारखा ताठ व्हायचा. "बाईचा चेहरा चालतो, भाऊ," अपर्णा म्हणाली होती, आणि तो हसत स्वतःच बाजूला सरकला होता.

यमुना टिकली लावत नसे. बौद्ध घर, तिला कधी सवयच नव्हती. गळ्यातली काळी पोत मसाल्याची धूळ बसू नये म्हणून पदराखाली. मोबाइलच्या पडद्यावर ते मोकळं कपाळ अपर्णाने पाहिलं होतं. तिच्या स्वतःच्या घरात मोकळ्या कपाळाचा एकच अर्थ होत असे, आणि बाहेरची माणसंही तोच काढतील हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. ती काही बोलली नाही. पहिल्याच व्हिडिओखाली कमेंट आली, 'यजमान गेल्यावरही न खचता उभ्या राहिलेल्या ताईंना सलाम.' एक ओळ लिहिली असती तर विषय तिथेच मिटला असता. अपर्णाने त्यावर लाल बदाम ठोकला आणि ती कमेंट सगळ्यात वर लावून ठेवली. पुढच्या व्हिडिओवर तर तिने स्वतःच लिहिलं, 'एकटीच्या जिद्दीची चव.' मग पार पुण्यापर्यंत पार्सलं जायला लागली.

तेव्हा यमुनेने घाबरून फोन केला होता. तिच्या हातून तो घेऊन शालिकराम म्हणाला होता, "राहू द्या ताई. मेल्याबिगर सर्ग दिसत नाई म्हंतेत. मी तर बसल्या जागी मेलो अन् माल बी खपला!" तो हसला, अपर्णाही हसली. तो हसला म्हणजे त्याची हरकत नाही, असं तिने सोयीने धरून टाकलं.

आज आलेल्या बाईंचं नाव वंदनाताई. नागपूरच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष, मनाने फार चांगल्या. बाजेवर बसल्या, मसाल्याचा वास घेऊन दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीआधी आमच्याकडे एकल महिलांचा सत्कार आहे. यंदा तुमचं नाव पक्कं केलंय. स्टेजवर तुमची कहाणी मी स्वतः सांगणार."

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. "भाऊंचा फोटो नाही लावला?"

यमुनेने अपर्णाकडे पाहिलं. अपर्णा मोबाइलमध्ये बघायला लागली. मोबाइलमध्ये काहीही नव्हतं.

तेवढ्यात शालिकराम पाण्याचे पेले घेऊन आत आला. यमुनेचे हात तिखटाने माखलेले, पाहुणीला पाणी कोण देणार?

"हे कोण?" वंदनाताईंनी विचारलं.

"मी कुटणारा," शालिकराम म्हणाला. "मसाला कुटून देतो बाईले."

"बरं करता हो काका. एकट्या बाईला आधार लागतोच. भाऊंच्या आत्म्याला शांती मिळत असेल."

शालिकरामने हात जोडले. "भेटत असन," तो म्हणाला.

अपर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मरायची पाळी तर दुसऱ्याच माणसावर आली होती. तरीही ती उठून चहा ठेवायला गेली. वंदनाताई चहा पिऊन, मसाल्याची पाकिटं घेऊन गेल्या.

गाडी गल्लीबाहेर पडली तशी यमुनेने चाळणी खाली आदळली. "माहा माणूस पानी देऊन राह्यला अन् ते बाई त्याच्या आत्म्याची गोष्ट करून राह्यली! तुमी काहून नाई बोलल्या?" मग तिचाच आवाज खाली आला. "मी बी नाई बोलली. मले बी सवय झाली बाप्पा. जित्या माणसाले मेला म्हणू द्यायची."

"चुकी माही आहे," अपर्णा म्हणाली. "तुमची नाई. मी आत्ताच सांगून टाकतो साऱ्यायले. भाऊ, या, बसा इथं."

"सीझन आहे ताई," शालिकराम म्हणाला. "दिवाळी झाल्यावर जित्ता करा ना मले."

"आत्ताच!" यमुना म्हणाली.

तो आत गेला. तोंड धुऊन, केसांना तेल लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. यमुनेच्या शेजारी बसला, मध्ये वीतभर जागा सोडून. यमुनेने पोत पदराबाहेर काढली.

"कुठं पाहू?"

"माह्याकडं पाहा."

"जयभीम. नमस्कार. मी शालिकराम. हा मसाला मी बनवतो. यमुना माही बायको आहे." आणखी काय सांगावं ते त्याला सुचेना. त्याने मुसळ ओढून मांडीवर घेतलं.

अपर्णाने खाली लिहिलं, 'यमुनाताई आणि त्यांचे यजमान शालिकरामभाऊ. मसाला यांच्याच हातचा.' आधीचं खोटं कुणामुळे पसरलं, तेही लिहायला हवं होतं. बोटं तिथवर गेली आणि मागे आली. तिने व्हिडिओ तसाच टाकला आणि पांढुर्ण्याची बस धरली.

खिडकीबाहेर संत्र्यांचे बगिचे चालले होते, मांडीवर फोन थरथरत होता. वंदनाताईंचा मेसेज आधी आला. 'आम्हाला दुसरं नाव बघावं लागेल. पण ताईंचं मनापासून अभिनंदन.' अभिनंदन कशाचं, ते कमेंट उघडल्यावर कळलं.

'नव्या संसाराला शुभेच्छा, ताई.'

'या वयात समाजाला न घाबरता पाऊल उचललंत. सलाम.'

'नवे भाऊ साधे दिसतात. पण पहिल्या भाऊंना विसरू नका. त्यांच्याच आशीर्वादाने हे उभं राहिलंय.'

एकाने तर विचारलं होतं, 'चव पहिल्या भाऊंच्या वेळचीच आहे ना?'

फोन वाजला. शालिकरामचा होता.

"ताई, यमुनेनं सारं वाचून दाखवलं." तो आता हसेल म्हणून अपर्णा थांबली. तो हसला नाही. "तो पहिला माणूस लई चांगला होता म्हंतेत लोकं. तुमी आणलं ना त्याले. आता त्याले काढता येत नाई का?"

"काढतो भाऊ," ती म्हणाली. तिने फोन ठेवला आणि रडू आलं तसं रडून घेतलं. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली.

मग तिने लिहिलं, 'यमुनाताईंचे यजमान कधीच गेले नव्हते. पहिले हेच आणि एकच. लोकांचा गैरसमज झाला तेव्हा हे पेज चालवणारी मी, अपर्णा, गप्प राहिले, कारण त्यावर मसाला खपत होता.' त्या पेजवर तिचं नाव प्रथमच येत होतं. तिने ते सगळ्यात वर लावलं आणि जुन्या कमेंटवरचा आपला लाल बदाम काढला.

पण वर काय लिहिलंय ते वाचायला थांबतो कोण? खाली नव्या कमेंट येतच होत्या. कुणीतरी हात जोडून लिहिलं होतं, 'पहिल्या भाऊंना भावपूर्ण श्रद्धांजली.'

'ते जिवंत आहेत,' अपर्णाने त्याच्याखाली लिहिलं. पुढच्या कमेंटखालीही तेच लिहिलं, आणि तिच्या पुढच्या कमेंटखालीही.

"बाई, पांढुर्णा आलं," कंडक्टर म्हणाला. बस रिकामी झाली होती. ती अजून लिहीत होती.