अर्धे कापलेले केस

त्या जुलैत टोकियोला, इस्पितळं नव्या डॉक्टरांना गळ घालतात त्या मेळाव्यात, आमच्या स्टॉलसमोर सहा खुर्च्या मांडल्या होत्या. पाच रिकाम्या. सहावीवर मी बसले होते, स्टॉल अगदीच ओसाड दिसू नये म्हणून.

मी निवृत्त मेट्रन. यामागाताच्या किनाऱ्यावरच्या एका लहान इस्पितळात अडतीस वर्षं काढली. कामावरच्या एकाही नर्सला सोडता येईना, म्हणून मुख्य डॉक्टर होन्मा मला घेऊन आले होते. "मेट्रनबाई, फक्त पत्रकं वाटा. बोलू नका," एवढीच त्यांची अट.

त्या एप्रिलमध्ये आमच्याकडे एकही नवा निवासी डॉक्टर आला नव्हता. पुढच्या एप्रिललाही कोणी आलं नाही, तर नवे डॉक्टर शिकवण्याची आमची मान्यता जाणार होती. मग निवासीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला कुदो आमचा शेवटचा. तो बिचारा इस्त्रीचा पांढरा कोट घालून बाजूला उभा होता.

समोरच्या बड्या इस्पितळाकडे काळ्या सुटातल्या मुलामुलींची रांग लागली होती.

"फुकट रामेनच्या शेवया वाटतायत की काय?" मी म्हटलं.

"मेट्रनबाई," होन्मा सर म्हणाले, "न बोलायचं ठरलंय."

"बरं. पण तुमचे केस बघा. डाव्या कानावर बारीक, उजव्या कानावर झुडूप. या अवतारात पोरं कशी यायची?"

"गुरुवारपासून वेळ कुठे मिळालाय?"

दुपारी एक मुलगी आली. मिनोवा तिचं नाव, वैद्यकीयच्या सहाव्या, शेवटच्या वर्षाची. मेळाव्यात स्टॉलागणिक एक शिक्का मिळायचा, कार्ड भरलं की बक्षीस; तिच्या हातातल्या कार्डावर एकाच शिक्क्याची जागा उरली होती. तेवढ्यासाठीच आली होती हे तिनं लपवलंही नाही. पण रीत म्हणून बसली आणि फोनवरची यादी उघडली. शस्त्रक्रिया किती बघायला मिळतात? महिन्याला रात्रपाळ्या किती? राहायला खोली? सरांची उत्तरं घोटून तयार होती. ती एकेका प्रश्नावर टिचकी मारत होती आणि जांभई गिळत होती.

मला इगाराशी आठवला.

माझ्या तरुणपणी असले मेळावे नव्हते. विद्यापीठातले प्राध्यापक नकाशावर बोट ठेवायचे, शिकाऊ डॉक्टर बॅग भरायचा. इगाराशी तसाच आला. चिकाटीचा, लाजाळू, भोपळ्याची आमटी आवडणारा. ओबोन सणाच्या सुट्टीतली दुपार होती. वॉर्डातल्या एका आजीबाईंचा श्वास चढायला लागला. तेव्हाचे मोठे डॉक्टर पूर्वजांच्या थडग्यांवर दिवे लावायला गावी गेले होते. "त्यांना कसा फोन करू? रागावतील," म्हणत तो तीन तास एकटाच झगडला. फोन करा म्हणून मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. संध्याकाळी आजीबाई गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यानं बॅग भरली, आणि पुन्हा कधी डॉक्टरकी केली नाही.

मिनोवानं शिक्क्यासाठी कार्ड पुढे केलं, आणि मी न बोलण्याची अट मोडली.

"पोरी, तुझे सगळे प्रश्न साहेबांना. ह्या कुदोला एकही नाही?"

ती गोंधळली. "ह्यांना काय विचारू?"

"हा काल किती वाजता जेवला, ते विचार. मध्येच सोडून कोण गेलं, ते विचार. आणि मुख्य म्हणजे, अडल्यावर ह्यानं शेवटचा फोन कोणाला केला आणि पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलला, ते विचार. त्याची टिचकी नंतर मार."

"मेट्रनबाई!" सरांचा चेहरा लाल झाला.

मिनोवानं फोन बाजूला ठेवला आणि कुदोकडे वळून विचारलं, "शेवटचा फोन?"

कुदोनं सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"गुरुवारी," तो म्हणाला. "एका कोळी आजोबांना श्वास घेता येईना. मला काही सुचेना. सरांना फोन लावला."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'गाढवा, एवढा उशीर?' आणि आठ मिनिटांत आले. न्हाव्याच्या खुर्चीवरून उठून, गळ्यातल्या फडक्यासकट."

मिनोवानं सरांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग उजव्या. ओठ घट्ट मिटूनही तिला हसू आवरेना.

"आणि आजोबा?"

"काल भात कमी दिला म्हणून भांडत होते."

"तुम्हाला मग बोलले सर?"

"बोलले की. पण आजोबांसमोर नाही. नंतर, जिन्यात. आणि श्वासाची नळी कशी घालायची ते पुन्हा दाखवलं. सोडून एकजण गेला, आता सेंदाईला त्वचेचा डॉक्टर आहे. काल जेवलो साडेतीनला, उभ्यानं."

साडेतीन ऐकून सरांनी डोळे मिटले. मिनोवानं आणखी अर्धा तास प्रश्न विचारले. एकही यादीतला नव्हता. मग वाकून नमस्कार केला आणि गेली.

"पळवून लावलीत तुम्ही तिला," सर खुर्चीत कोसळले. "उभ्यानं जेवलो म्हणे!"

"सर, ती शिक्का विसरली." कार्ड टेबलावर तसंच पडलं होतं. "शिक्क्यासाठी आलेली मुलगी शिक्का विसरून गेली. तुम्ही निर्धास्त राहा."

ऑगस्टमध्ये ती तीन दिवस आमचं इस्पितळ बघायला आली. कार्ड मी जपून ठेवलं होतं, ते तिला दिलं. ऑक्टोबरअखेर कोण कुठल्या इस्पितळात जाणार याचा निकाल लागला, तेव्हा आमच्या नावापुढे एकच नाव होतं, मिनोवा. एक पुरे होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये सर पुन्हा न्हाव्याकडे गेले. फोन आरशाशी टेकवून ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा करून. उजवी बाजू व्हायच्या आतच तो वाजला. मिनोवाचा.